देवघराच्या उंबऱ्याशी थांबलेल्या ताईंना

पत्र : मी ५७ वर्षांची, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते. गुदाशयाचा कॅन्सर झाला. आधी रेडिएशन आणि केमो, मग चार महिन्यांपूर्वी ऑपरेशन. शौचाची जागा कायमची बंद केली आणि पोटाच्या डाव्या बाजूला पिशवी आली, ती कातडीला चिकटणाऱ्या प्लेटवर बसते. रिपोर्ट चांगले आहेत असं डॉक्टर म्हणतात. पण मी माणसांतून उठले. दर दीड-दोन दिवसांनी प्लेट सुटते. खालची कातडी लालभडक झाली आहे, आग आग होते. डेटॉलच्या पाण्यानं पुसते, रात्री खोबरेल लावते, कडेनं चिकटपट्टी मारते, तरी गळतंच. वास येईल म्हणून रात्रीचं जेवण सोडलं. गॅसनं पिशवी फुगते म्हणून वरच्या बाजूला टाचणीनं भोक पाडते. भजनी मंडळ सुटलं. आमचे हे बाहेरच्या खोलीत झोपतात. देवघराच्या उंबऱ्याच्या आत मी पाऊल टाकलेलं नाही, पूजा हेच करतात. मध्ये दिरांकडे सत्यनारायण होता. जाऊबाई म्हणाल्या, "तुम्ही तिथूनच नमस्कार करा हं." त्या वाईट नाहीत, पण ते शब्द काळजात रुतून बसलेत. सुनेला सातवा लागलाय. डोहाळजेवणाला तिची ओटी मी भरू का? आणखी एक, हे कुणाला सांगितलेलं नाही. शौचाची जागा नाही तरी मला शौचाला लागल्यासारखं होतं. मला वेड तर लागलं नाही ना?

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो तुम्ही चार महिने एकट्या सांभाळत आहात. वेड लागलेलं नाही. गुदाशय काढून टाकला तरी तिथून निघून मणक्याकडे आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसांचा मागचा भाग शरीरातच राहतो. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायाचा अंगठा खाजतो ना, तसंच हे आहे. तुमच्यासारखं ऑपरेशन झालेल्या कितीतरी जणांना असं होतं आणि बहुतेक जण ते लाजेनं बोलत नाहीत. तसं झालं की दोन मिनिटं कमोडवर शांत बसा आणि उठा, कुंथू मात्र नका. बऱ्याच जणांचं ते हळूहळू विरत जातं. त्या जागेतून रक्त किंवा पू येत असेल, किंवा दुखणं वाढत चाललं असेल, तर मात्र सर्जनना दाखवा. आणि बसताना साधी मऊ उशी घ्या. मधे भोक असलेली गोल उशी घेऊ नका, तिच्यानं टाक्यांच्या जागेवर ताण येतो.

आता मुख्य गोष्ट. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात देवघर आहे, जाऊबाई आहेत, यजमान आहेत, सून आहे. पण या सगळ्याच्या मुळाशी मला एकच वाक्य दिसतं : दर दीड-दोन दिवसांनी प्लेट सुटते. सर्जरीच्या वॉर्डात आणि पुढे स्टोमा (म्हणजे पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) क्लिनिकमध्ये मिळून माझी २६ वर्षं गेली. तेवढ्या अनुभवावरून सांगते, ज्या बाईची प्लेट चार दिवस टिकते ती पाचव्या दिवशी बाजारात दिसते. जिची गळते ती घरात बसते, आणि सगळे म्हणतात, तिनं मनाला फार लावून घेतलंय. तुमचा प्रश्न आधी मिलिमीटरचा आहे, मनाचा नंतर.

मला विचारायचंय ते हे : प्लेटला तुम्ही भोक केवढं कापता? दवाखान्यातून घरी सोडताना नर्सनं कागदावर जे माप काढून दिलं, त्याच मापानं अजून कापत असाल, तर दुखणं सापडलं. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो. पुढचे सहा-आठ आठवडे तो आकसत जातो. तुमचे चार महिने झाले. भोक जुन्या मापाचं आणि स्टोमा नव्या मापाचा, मग मधे उघड्या कातडीचं एक कडं राहतं. त्या कड्यावर दिवसरात्र मळ बसतो, कातडी सोलवटते, ओली होते. ओल्या कातडीवर प्लेट धरत नाही म्हणून गळतं, गळतं म्हणून कातडी आणखी सोलवटते. हे चक्र माप बदलल्याशिवाय थांबत नाही.

पिशव्यांच्या खोक्यात बहुतेक वेळा वेगवेगळ्या आकाराची भोकं असलेलं एक मापाचं कार्ड येतं. ते नसेल, किंवा स्टोमा पूर्ण गोल नसेल, तर नव्या साडीवरचं पारदर्शक प्लास्टिक घ्या. ते स्टोमावर अलगद धरून मार्करनं कड काढा आणि त्या रेषेच्या बाहेर दोन-तीन मिलिमीटर सोडून कापा. हाच तुमचा नवा साचा. स्टोमा प्लेटला घासायलाही नको आणि कातडी उघडीही पडायला नको, एवढीच जागा. दर महिन्याला एकदा साचा लावून बघा. वजन वाढलं किंवा उतरलं तर मधेच बघा. केमोमध्ये उतरलेलं वजन आता भरून येत असेल, तर पोटाच्या वळ्या बदलतात आणि मापही बदलतं.

प्लेट बदलायला सकाळी चहाच्याही आधी बसा, त्या वेळी पोट शांत असतं. जुनी प्लेट ओढून काढू नका. एका हातानं कातडी खाली दाबत, दुसऱ्या हातानं ओला कपडा फिरवत सोडवा. मग कोमट पाणी आणि मऊ सुती कापड, बस्स. डेटॉल नको, स्पिरिट नको, सुगंधी साबण नको. मळामुळे जंतुसंसर्ग होईल या भीतीनं लोक डेटॉल वापरतात, पण ती जागा म्हणजे ऑपरेशनची जखम नाही, ती तुमची नेहमीची कातडी आहे. आणि खोबरेल तर आजच बंद करा. आपल्याकडे आग झाली की खोबरेल लावतात, तुमच्या आईनंही तेच केलं असतं, पण तेलकट कातडीवर कुठलाच डिंक धरत नाही. पावडरचा डबा, व्हॅसलीन, बोरोलीन यांचंही तेच. कातडी जिथे ओलसर सोललेली आहे तेवढ्यावरच स्टोमा पावडर भुरभुरा आणि जादाची झटकून टाका. पंख्याखाली पूर्ण कोरडी होऊ द्या. तोवर प्लेट दोन्ही तळहातांत धरून ऊब द्या. लावल्यावर वरून तळहात ठेवून एक-दोन मिनिटं नुसतं दाबून बसा. डिंक उबेनं धरतो. उभ्यानं, बसून आणि वाकून आरशात एकदा पाहा. बसल्यावर स्टोमाच्या कडेला घडी पडत असेल, तर गळती तिथूनच निघते. ती घडी स्टोमा पेस्टनं किंवा मऊ रिंगनं भरून काढता येते.

चिकटपट्टीबद्दल थोडं कडक बोलते. गळायला लागल्यावर वरून पट्टी मारणं म्हणजे मळ कातडीवर कोंडून ठेवणं. प्लेटखाली खाज सुटली किंवा आग झाली की प्लेट काढायची, मग ती काल लावलेली का असेना. पैसे जातात, मला ठाऊक आहे. एका प्लेटची किंमत बघून अनेक घरांत ती उद्यापर्यंत ओढली जाते. पण कातडी बिघडली की आठवड्याच्या प्लेटा दोन दिवसांत संपतात. माप बरोबर बसलं तर एक प्लेट तीन ते पाच दिवस सहज टिकते, उन्हाळ्यात घामामुळे थोडी कमी. प्लेट आणि पिशवी वेगवेगळी येणारा प्रकार घेतलात, तर प्लेट न काढता पिशवी बदलता येते किंवा गार पाण्यानं धुऊन घेता येते. पिशवीला गरम पाणी आणि फिनाईल नको. एप्रिल-मेमध्ये खोकं पत्र्याखाली किंवा उन्हात ठेवू नका, डिंक वितळतो. फ्रिजमध्येही नको. माठाजवळचा गार कोपरा चालेल.

कातडी दहा दिवसांत सुधारली नाही, किंवा लाल बारीक पुळ्या बाहेरच्या बाजूला पसरत गेल्या, तर ती बुरशी असू शकते, डॉक्टरांना दाखवा. स्टोमाचा रंग ओठांच्या आतल्या बाजूसारखा लालसर आणि ओलसर हवा. पुसताना एखादा थेंब रक्त आलं तर घाबरू नका, तो नाजूक असतो. पण तो जांभळा-काळा दिसला, रक्त थांबेना, किंवा पोटात कळा येऊन उलट्या होत आहेत आणि पिशवीत काहीच येत नाही, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

आता वास. न गळणाऱ्या, नीट मिटलेल्या पिशवीतून वास येत नाही, ती तशाच प्लास्टिकची बनवलेली असते. वास येतो तो तीन ठिकाणांहून : प्लेट सुटली असेल तर तिथून, पिशवीचं खालचं तोंड रिकामी केल्यावर नीट पुसलं नसेल तर तिथून, आणि तुमच्या टाचणीच्या भोकातून. हे तिसरं तुम्ही स्वतःच केलंत. ते भोक बुजत नाही आणि वास दिवसभर येत राहतो. गॅस काढायचा तर संडासात जाऊन खालचं तोंड उघडा, किंवा कोळशाचा फिल्टर असलेली पिशवी मागवा. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा. जड पिशवी प्लेट खाली ओढते. आपल्या बसक्या संडासात हे काम अवघड जातं. एक छोटं प्लास्टिकचं स्टूल आत ठेवा, जुन्या मगात रिकामं करा आणि मग ओता. पिशवी किंवा प्लेट मात्र संडासात टाकायची नाही, तुंबतो. वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत बांधून, सॅनिटरी पॅडसारखी वेगळी द्यायची.

आणि जेवण. रात्रीचं जेवण सोडल्यानं पिशवी रिकामी राहत नाही, उलट रिकाम्या पोटात गॅस जास्त होतो. तुमचं मोठं आतडं बरंचसं शाबूत आहे, म्हणजे घरातलं नेहमीचं जेवण तुम्हाला चालतं. भाकरी, भात, आमटी, सगळं. वेळेवर आणि सावकाश चावून. एका वेळी एक पदार्थ खाऊन बघा. हरभरा, वाटाणा, कोबी, मुळा, कच्चा कांदा यांनी गॅस होतो. अंडं, मासे, लसूण यांनी वास वाढतो. दही-ताकानं बऱ्याच जणींना बरं वाटतं. बुधवारी भजन असेल तर मंगळवारी रात्री उसळ नको, एवढाच हिशेब. चतुर्थीचा उपवास करत असाल, तर साबुदाण्यानं मळ घट्ट होतो हे ध्यानात ठेवा, सोबत पाणी आणि फळं घ्या.

इथं थोडं थांबून दुसऱ्या वाचकांसाठी. ज्यांची पिशवी लहान आतड्यावर आहे, बहुधा पोटाच्या उजव्या बाजूला, त्यांनी वरचं जेवणाचं सगळं जसंच्या तसं घेऊ नये. त्यांचा मळ पातळ असतो आणि त्यातून पाण्याबरोबर मीठही जातं. चक्कर, कोरडी जीभ, कमी लघवी दिसली तर नुसतं पाणी ढोसून भागत नाही, जलसंजीवनी हवी. ती हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे दोन्ही चहाचे चमचे. मका, ओलं खोबरं, शेवग्याच्या शेंगेचा चोथा, संत्र्याच्या पाकळीची साल अडकू शकते. आणि जुलाबाचं औषध त्यांनी कधीही घ्यायचं नाही.

ताई, तुमच्या प्रकारच्या स्टोमात आणखी एक सोय होऊ शकते. तिला इरिगेशन म्हणतात. रोज ठरावीक वेळी साधारण तासभर बसून, शंकूच्या आकाराच्या मऊ तोंडातून कोमट पाणी स्टोमात सोडून आतडं मोकळं करायचं. काही आठवड्यांत आतड्याला सवय लागते आणि पुढे एक-दोन दिवस पिशवीत जवळजवळ काही येत नाही. तुमचं रेडिएशन झालेलं आहे, म्हणून आधी सर्जनची परवानगी घ्या. पहिल्यांदा ते स्टोमा नर्सकडूनच शिका, पुस्तक बघून नाही. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे. मुंबईत १९७५ पासून ओस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे, तिथे तुम्हाला स्वतः पिशवी असलेली माणसं भेटतील. मुंबई लांब पडत असेल, तर तुमच्या सर्जनना एवढंच विचारा, "पिशवी असलेली दुसरी एखादी बाई माझ्याशी फोनवर बोलेल का?" माझ्या पाहण्यात, त्या एका फोननं जे होतं ते आमच्या दहा समजावण्यांनी होत नाही.

तुम्ही लिहिलंत, माणसांतून उठले. डेन्मार्कमध्ये एक नर्स होती, एलिसे सोरेन्सेन. तिच्या बहिणीचं, थोराचं, असंच ऑपरेशन झालं आणि गळेल, वास येईल या धास्तीनं थोरा घराबाहेर पडेना. एलिसेनं १९५४ साली तिच्यासाठी कातडीला चिकटणाऱ्या, फेकून देता येणाऱ्या पिशवीची कल्पना काढली. तुमच्या पोटावर आज जी आहे ती तिचीच नात म्हणा. थोराला तर त्याआधी अशी पिशवीच नव्हती, तुमच्याकडे ती आहे आणि काय बिघडलंय ते मोजून सुधारता येतंय.

यजमानांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. त्यांनी तुमचा स्टोमा पाहिलाय का? मला वाटतं, नाही. पुष्कळ घरांत नवरा बाहेरच्या खोलीत जातो तो किळसेनं नाही. हिला धक्का लागेल, दुखेल, हिला नको असेल, असं वाटून जातो. आणि बायको त्याचा अर्थ किळस लावते. दोघं एकमेकांना जपत जपत लांब जातात. एका सकाळी प्लेट बदलताना त्यांना कात्री धरायला बोलवा. स्टोमाला हात लागला तरी दुखत नाही, तिथे वेदनेच्या नसाच नसतात, हे त्यांना तुमच्या तोंडून कळू दे. पिशवीवर एक सुती खोळ शिवून घ्या, प्लास्टिकची चुरचुर थांबते. जवळ येताना दुखलं किंवा कोरडेपणा जाणवला, तर तो रेडिएशनमुळेही असतो, त्यावर उपाय आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना लाज न धरता विचारा.

परकराची नाडी स्टोमावर येत असेल तर दोन बोटं वर बांधा किंवा रुंद इलॅस्टिकचा परकर शिवा. एवढ्याशा गोष्टीनं साडी सुटू नये.

आणि आता देवघर.

उंबऱ्याशी तुम्हाला कुणी थांबवलं? पत्रातून दिसतं की जाऊबाई नंतर बोलल्या, त्याआधीच तुम्ही थांबला होतात. ताई, ऑपरेशनच्या आधी तीस-पस्तीस वर्षं तुम्ही पूजेला बसत होतात, तेव्हा हाच मळ पोटात चार बोटं आत होता. पुजाऱ्याच्या पोटातही असतो, सत्यनारायणाला बसलेल्या जोडप्याच्या पोटातही असतो. सोवळं नेसताना तो कुणी बाहेर काढून ठेवत नाही. आज तो पिशवीत, बंद, आणि तुमच्या डोळ्यांसमोर आहे, एवढाच फरक. घरात तान्हं मूल असतं तेव्हा आजी त्याची शी काढते, हात धुते आणि पुन्हा वाती वळायला बसते. त्या वातीनं निरांजन पेटतं. आजवर कुठल्या देवानं ती वात विझवली? तुम्हीही पिशवी रिकामी करा, हातपाय धुवा आणि आत जा. आंघोळ पिशवीसकट करता येते, प्लेट पाण्यानं सुटत नाही. ज्या दिवशी बदलायची असेल त्या दिवशी प्लेट काढूनच आंघोळ केलीत तरी चालेल. आरतीच्या वेळी आवाज आला, तर हात सहज पोटावर दाबून धरा. झांजा चालू असताना कुणाला ऐकू येणार आहे?

हे माझं मत आहे आणि मी ते ठामपणे सांगते आहे. तुमची श्रद्धा माझ्याहून खोल असेल, एखादा नियम मनाला सोडवत नसेल, तर त्या नियमातूनच वाट काढा. पूजा धुतलेल्या साडीत करा, पिशवीवर वेगळी खोळ घाला. पण पूजा करा. यजमानांना म्हणा, उद्यापासून गंध मी उगाळते.

जाऊबाईंशी भांडू नका, आणि गप्पही बसू नका. लोकांना पिशवी म्हणजे काय हे माहीतच नसतं. उघडं काहीतरी वाहत असेल असं त्यांच्या मनात असतं. चहाला बोलवा आणि एक कोरी पिशवी हातात द्या. मी वॉर्डात हे कितीतरी नातेवाइकांबरोबर केलंय. माणसं ती उलटसुलट करून बघतात, चेहरा बदलतो, मग विचारतात, "एवढीच असते होय?" त्यानंतर बोलणं सोपं होतं.

सुनेची ओटी अर्थातच तुम्ही भरायची. डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी नवी प्लेट लावा, त्याच दिवशी नाही, म्हणजे धरली की नाही हे रात्रीत कळेल. पर्समध्ये कापून तयार ठेवलेली एक प्लेट, एक पिशवी, ओलं कापड आणि एक जुनी साडी घेऊन बसा. लागणार नाही, पण जवळ असली की मांडी सैल पडते.

पुढे बाळाचंही विचारणार असाल, म्हणून सांगून ठेवते. जन्मलेलं मूल तीन किलोच्या आसपास, ते बिनधास्त उचला. भरलेला गॅस सिलिंडर ३० किलोच्या घरात जातो. तो, पाण्याची घागर आणि धान्याचं पोतं मात्र यापुढे कधीच उचलायचं नाही, स्टोमाशेजारी हर्निया होतो. खोकताना तिथे हात दाबून धरा. बाळ कडेवर घ्यायचं वय झालं की उजव्या कडेवर घ्या. डाव्या बाजूला त्याचे पाय पिशवीवर येतील.

साचा कापून झाला की स्टोमाचं माप मिलिमीटरमध्ये मला लिहून पाठवा, जुनं आणि नवं दोन्ही. सोबत प्लेट किती दिवस टिकली ते लिहा. तीनच्या आत असेल, तर बसलेल्या स्थितीतला पोटाचा फोटो सर्जनना किंवा स्टोमा नर्सना दाखवून कातडीकडच्या बाजूनं फुगीर असलेली प्लेट हवी का, ते विचारू.